रडीचा डाव कोणाचा? वाड्यावरच्या व्हिडिओ गेम स्पर्धेत न्याय कसा करावा

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर चतुर्थीच्या दिवसांत सभागृहात दोन टीव्ही आणि दोन प्लेस्टेशन मांडून ‘टेकन ३’ या दोघांच्या मारामारीच्या खेळाची स्पर्धा घेण्याची प्रथा पडली, तेव्हा नियमांचा कागद असा काही नव्हताच. पहिल्याच वर्षी आठवीतल्या एका मुलाने एडी गोर्डो हे पात्र घेऊन, लाथांची दोन बटणे आलटून पालटून दाबत, कॉलेजात जाणाऱ्या चौघांना ओळीने गारद केले. चौथा हरल्यावर ‘हा रडीचा डाव आहे’ असा गलका झाला आणि आयोजक म्हणून मी, लोकांचे तोंड बंद करण्याच्या घाईत, उपांत्य फेरीच्या तोंडावर एडीवर बंदी घातली. मुलगा भांडला नाही. त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी तक्रार किंग या पात्राच्या पकडींविषयी आली, त्याच्या पुढच्या वर्षी खाली वाकून मारलेल्या लाथांविषयी. याच क्रमाने बंदी घालत गेलो असतो, तर दोन खेळाडूंनी समोरासमोर उभे राहून एकमेकांना नमस्कार करण्यापलीकडे खेळात काही उरले नसते.

मराठीत ‘रडीचा डाव’ हा शब्द हरू लागल्यावर डाव मोडणाऱ्यासाठी आहे, न आवडणाऱ्या पद्धतीने जिंकणाऱ्यासाठी नाही. त्या अर्थाने पाहिले तर त्या दिवशी रडीचा डाव आम्ही खेळलो होतो. पुढे जी पद्धत चुकत-माकत बसली, ती येथे मांडत आहे. ती स्पर्धा भरवणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि ज्याला एकाच डावाने पुन:पुन्हा हरवले जाते त्या खेळाडूलाही.

तक्रार आली की आधी तिची जात ओळखावी

‘चीटिंग’ हा एकच शब्द मुले तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि आयोजकाचे पहिले काम म्हणजे तक्रार यांपैकी कोणती आहे हे ठरवणे.

पहिली गोष्ट म्हणजे खरी लबाडी, म्हणजे खेळाच्या बाहेरून आणलेली मदत: भिंतीपलीकडचे दाखवणारे किंवा नेम आपोआप लावणारे सॉफ्टवेअर, एका बटणावर दहा बटणांचे काम बसवलेला कंट्रोलर, दुसऱ्याच्या नावावर खेळणे, किंवा बॅटल रॉयलमध्ये (शेवटी एकच संघ उरेपर्यंत चालणाऱ्या खेळात) दोन संघांनी आतून हातमिळवणी करून बाकीच्यांना मारणे. येथे चर्चेला जागा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायमधील काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या संगणकीय खेळाच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या भारतीय संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम लावणारे सॉफ्टवेअर चालू सामन्यात सापडले. संघ बाद झाला, पुढे विसर्जित झाला आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या उरलेल्या चौघांचे काय झाले असेल, हा विचार मुलांपुढे मांडला की तो नियमाच्या कागदापेक्षा अधिक परिणाम करतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळातल्या दोषाचा फायदा घेणे. ही सर्वांत अवघड, कारण यात बाहेरून काहीच आणलेले नसते. २०१४ च्या हिवाळ्यात स्वीडनमधल्या ड्रीमहॅक स्पर्धेत फ्नॅटिक आणि एलडीएलसी या संघांचा काउंटर-स्ट्राइकचा उपांत्यपूर्व सामना तिसऱ्या मॅपपर्यंत (मॅप म्हणजे खेळातले मैदान) गेला. ओव्हरपास या मॅपवर फ्नॅटिक मध्यंतराला ३-१२ असा मागे होता. उत्तरार्धात त्यांचे खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर चढले, आणि वरचा खेळाडू डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कडेवर उभा राहून मॅपचा मोठा भाग न्याहाळू लागला. तो जेथे होता तेथे कोणी असू शकेल अशी समोरच्यांना कल्पनाच नव्हती. फ्नॅटिकने तो सामना १६-१३ असा जिंकला. पण अशा अदृश्य कडांवर उभे राहण्यास नियमांत मनाई होती. तक्रार झाली, आयोजकांनी तो मॅप पुन्हा खेळवण्याचा निर्णय दिला आणि फ्नॅटिकने सामना सोडून दिला. एलडीएलसीने पुढे स्पर्धाही जिंकली. या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे की निवाडा ‘हे शोभत नाही’ या भावनेवर करावा लागला नाही, कारण आधी लिहून ठेवलेले एक वाक्य हाताशी होते. ते वाक्य नसते तर त्या रात्री न्याय कोणत्याही बाजूने झाला असता, तरी तो अन्यायच वाटला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे खेळाच्या आत बसणारा, पण समोरच्याला चीड आणणारा डाव. लांबून अग्निगोळे सोडत राहणे, पकडीवर पकड घेणे, कोपऱ्यात दबा धरून बसणे, एका गोलची आघाडी मिळताच बचावफळीत चेंडू फिरवत घड्याळ संपवणे हे सगळे यात येते. दहातल्या नऊ तक्रारी या जातीच्या असतात, आणि त्यांतल्या जवळजवळ सर्वांवर आयोजकाने काहीही करायचे नसते.

बंदीपूर्वी विचारायचे प्रश्न

या तिसऱ्या जातीतही क्वचित बंदीचा प्रसंग येतो, हे मान्य केले पाहिजे. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ या मारामारीच्या खेळात अकुमा हे लपवलेले पात्र आहे. ते हवेतून तिरके अग्निगोळे सोडते आणि बहुतेक पात्रांना त्यावर धड उत्तर नाही. स्पर्धेत ते चालू दिले तर प्रत्येकाला अकुमाच घ्यावा लागेल, म्हणून अमेरिकेतील स्पर्धांनी त्याला बाहेर ठेवले. त्याच खेळमालिकेतील पकडीवरही १९९१ पासून ‘हे काही खरे खेळणे नव्हे’ असा आक्षेप होता, पण पकड राहिली, कारण बचावाला चिकटून बसलेल्याला बाहेर काढण्याचा तोच मार्ग आहे. अकुमा आणि पकड यांतला फरक ज्याला नीट कळला, त्याला अर्धे काम जमले.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की या डावाला खेळाच्या आत उत्तर आहे का, आणि ते उत्तर मध्यम दर्जाच्या खेळाडूला सरावाने जमण्यासारखे आहे का. उत्तर असेल तर विषय संपला. नसेल, तर तो डाव मोकळा सोडल्यास सगळे तोच खेळू लागतील का, हे पाहावे. एखाद्यालाच जमणारी अवघड करामत असेल तर तिचे कौतुक करून पुढे जावे. यानंतरचे दोन प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि नवखे आयोजक येथेच फसतात: बंदी एका वाक्यात अशी लिहिता येते का की दोन माणसे तिचा वेगवेगळा अर्थ लावणार नाहीत, आणि तिचे उल्लंघन टीव्हीपासून सहा फुटांवर बसलेल्या रेफ्रीला दिसते का. ‘जास्त कॅम्पिंग (एका जागी दबा धरून बसणे) करू नये’ हा नियम नव्हे, कारण ‘जास्त’ म्हणजे किती हे कोणी सांगू शकत नाही. ‘अकुमा घेता येणार नाही’ हा नियम आहे. (आमच्याकडे पंच म्हटले की पंचायतीचा सदस्य डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी येथे रेफ्री म्हणत आहे, पंच रागावला तर स्पर्धेला सभागृह मिळणार नाही.)

जनमत बदलते, हेही ध्यानात ठेवावे. विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत बिल ब्राउन यांना नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावचीत केले, त्यानंतर कित्येक दशके तसे बाद करणे अखिलाडू समजले गेले. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने तो नियम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून सरळ ‘धावचीत’ या प्रकरणात ठेवला. कृती तीच राहिली, तिचे प्रकरण बदलले.

ज्याला हरवले जाते त्याने काय करावे

आता खेळाडूकडे वळू, कारण डावाचे उत्तर शोधण्याचे काम शेवटी त्याचे आहे. टेकनमधली एक गाठ जवळून पाहू. उभे राहून केलेला बचाव वरचे आणि मधले फटके अडवतो, पण खालची लाथ आणि पकड त्यातून आत येतात. वाकून केलेला बचाव खालची लाथ अडवतो आणि नेहमीची पकड डोक्यावरून निघून जाते, पण मधला फटका वाकलेल्याला लागतोच. म्हणजे किंग घेऊन पकडीमागून पकड घेणारा खेळाडू एक पैज लावत असतो, की तुम्ही वाकणार नाही. एकदा वाकून उठता उठता फटका दिला की त्याला विचार करावा लागतो, आणि तुम्ही वाकता असे दिसले की तो मधला फटका मारू लागतो, तेव्हा तुम्ही पुन्हा उभे राहता. येथून पुढे जे चालते त्यालाच तर हा खेळ म्हणतात. हरणाऱ्याची अडचण बहुधा ही असते, की तो पहिल्या पायरीलाच अडून प्रत्येक वेळी उभ्यानेच मार खातो आणि मग अंगण वाकडे असल्याची तक्रार करतो.

एडीच्या लाथांचेही तसेच आहे. बटणे अंदाधुंद दाबली तरी पडद्यावर उमटणाऱ्या लाथांच्या मालिका ठरलेल्या असतात. मित्राला दुसरा कंट्रोलर देऊन प्रॅक्टिसमध्ये तीच दोन बटणे अर्धा तास दाबायला सांगावे आणि आपण एकही फटका न मारता फक्त बचाव करावा. दहा मिनिटांत कोणती लाथ खालून येते ते डोळ्यांना कळू लागते, वीस मिनिटांत मालिका कोठे संपते ते कळते, आणि फटका तेथेच मारायचा असतो, मध्ये नाही. बहुतेक जण मध्येच हात घालतात म्हणून मार खातात. ज्या मुलाला मी बाद केले होते, त्याला हरवायला त्या चौघांपैकी एकाला एवढीच एक दुपार पुरली असती.

फुटबॉलच्या गेममध्ये गोव्यातली मुले एका गोलवर फार चिडतात. विंगवरून शेवटच्या रेषेपर्यंत धावत जायचे, गोलकीपर जवळच्या खांबाकडे सरकला की चेंडू मागे आडवा द्यायचा आणि मोकळ्या जाळ्यात ढकलायचा. येथे चूक जवळजवळ नेहमी बचाव करणाऱ्याची असते: तो धावणाऱ्याच्या मागे सेंटर-बॅकला ओढून नेतो आणि मधली जागा उघडी टाकतो. चेंडू असलेल्याला थोडे सोडून द्यावे, आपल्या हातात मधल्या फळीतला खेळाडू घेऊन पासच्या वाटेत उभे करावे, आणि गोलकीपरला बाहेर धावायला लावणारे बटण विसरून जावे. मैदानावर हीच मुले हे आपसूक करतात, पडद्यासमोर मात्र सगळी चेंडूमागे धावतात.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या बॅटल रॉयल खेळाच्या एरँगल मॅपवर दक्षिणेच्या लष्करी बेटावर उतरून मग पुलावर दबा धरलेल्या संघाच्या हाती सापडणे हे दु:ख सर्वांच्या परिचयाचे आहे. बेटाला पूल दोन आहेत, होड्या आहेत, पोहताही येते, आणि झोन (खेळात जिवंत राहता येईल असे आकसत जाणारे वर्तुळ) दुसरीकडे दिसताच लवकर निघताही येते. पुलावर बसलेल्या संघाने तुमच्या उशिराची किंमत वसूल केली आहे.

कागदावर काय लिहावे

पाच सामने असोत की पन्नास, नियम एका पानावर मावले पाहिजेत आणि पहिल्या सामन्यापूर्वी लागले पाहिजेत. आमच्या पानावरची काही वाक्ये जशीच्या तशी देतो: ‘सामना चालू असताना पॉज दाबणाऱ्याची ती फेरी गेली, चुकून दाबले हे कारण चालणार नाही. वीज गेल्यास चालू फेरी नव्याने खेळवली जाईल, पूर्ण झालेल्या फेऱ्यांचा निकाल कायम राहील. कंट्रोलर स्वतःचा आणल्यास तो रेफ्रीला आधी दाखवावा. आपोआप बटण दाबणारा कंट्रोलर चालणार नाही. सामन्याला बसण्यापूर्वी बटणे तपासून घ्यावीत, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.’ पॉजचा नियम कठोर वाटतो, पण ऐन फटक्याच्या क्षणी पॉज दाबून समोरच्याची लय तोडणे ही इतकी सोपी युक्ती आहे, की हेतू तपासत बसलात तर दिवस संपेल. नव्या प्लेस्टेशनवर खेळवत असाल तर आधीच्या खेळाडूचा वायरलेस कंट्रोलर त्या यंत्राशी जोडलेला राहिला नाही ना, हे प्रत्येक सामन्यापूर्वी पाहावे. मागच्या बाकावर कोणाच्या खिशात त्याचे बटण दाबले गेले की पडद्यावर भलतेच काही उघडते आणि भांडण पेटते. विजेसाठी इन्व्हर्टर हवाच. भाद्रपदातल्या पावसाशी कोणता नियम चालत नाही.

चिडवणारे काही डाव खेळाडूंमुळे उद्भवत नाहीत, आयोजकाच्या वेळापत्रकातून आणि गुणपद्धतीतून जन्मतात, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फुटबॉलप्रेमी गोमंतकीयांना १९८२ च्या विश्वचषकातील गिहोनचा सामना सांगायला नको: पश्चिम जर्मनीने लवकर एक गोल केला, त्या निकालाने जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघेही पुढे जात होते आणि अल्जेरिया बाहेर पडत होता, म्हणून उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरला. त्यात नियमभंग काहीच नव्हता. फिफाने खेळाडूंना खिलाडूवृत्तीचे धडे देण्याऐवजी पुढच्या विश्वचषकापासून गटातील शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी ठेवले. आपल्याकडे दोन टीव्ही असतील तर हेच करावे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या बॅडमिंटनच्या आठ महिला खेळाडूंना बाद करावे लागले. गटफेरी संपल्यावर बाद फेरीच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर काढल्या, तर हरण्यात कोणाचा फायदाच राहत नाही. १९९२ मध्ये गोलकीपरला बॅकपास हाताने उचलण्यास मनाई झाली, तीही वेळकाढूपणावरची अशीच इलाज होती: ‘वेळ काढू नका’ असे म्हणण्याऐवजी वेळ काढण्याचे साधनच काढून घेतले.

बीजीएमआयच्या सामन्यांत सगळे संघ गवतात लोळून शेवटपर्यंत थांबत असतील, तर आपली गुणपद्धत पाहावी. मोठ्या स्पर्धांत अलीकडे रूढ झालेल्या पद्धतीत पहिल्या आलेल्या संघाला स्थानाचे १० गुण आणि प्रत्येक किलला (मारलेल्या प्रतिस्पर्ध्याला) १ गुण मिळतो. स्थानाचे गुण याहून फार फुगवले की लपणे हाच शहाणपणा ठरतो आणि मग लपणाऱ्याला दोष देता येत नाही. संघांची हातमिळवणी ही मात्र लबाडी आहे आणि ती पकडायला कठीण आहे. एकाच वाड्यावरचे दोन संघ एका लॉबीत (एकाच सामन्यात) आले तर कस्टम रूममध्ये (आयोजकाने उघडलेल्या खासगी सामन्यात) एक माणूस प्रेक्षक म्हणून फक्त त्यांच्यावर ठेवावा, आणि दोघे समोरासमोर येऊनही गोळी सुटत नसेल तर वेळ लिहून घ्यावी. सर्व संघ एकाच सभागृहात असतील तर पाठीला पाठ लावून बसवावे आणि प्रेक्षकांसाठीचा मोठा पडदा खेळाडूंच्या पाठीमागे असावा. प्रेक्षकाच्या नजरेचा फायदा किती मोठा असतो याची कल्पना २०२० च्या प्रकरणावरून येते, जेव्हा काउंटर-स्ट्राइकमधील एका दोषामुळे मॅपवरच्या नको त्या जागा दिसत असताना गप्प राहिलेल्या ३७ प्रशिक्षकांवर ईएसआयसी या ई-स्पोर्ट्समधील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने कारवाई केली.

पैशांचे थोडक्यात. मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी असलेल्या राज्यात मुलांना पैजेचे वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असून ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे मानले आहे. सभागृहाच्या मागे लागणाऱ्या शंभर-दोनशेच्या पैजा ऑनलाइन नसल्या तरी त्यांनीच तक्रारींना धार चढते. त्या दिसताच दोघांनाही बाहेर काढावे आणि बक्षीस आधी जाहीर करून ठेवावे.

लहान मुलांसाठी आपल्याकडे ‘कच्चे लिंबू’ आहेच. दहा वर्षांखालच्यांचा वेगळा गट करावा आणि त्या गटात हवी तेवढी मुभा द्यावी. मोठ्यांच्या गटात उतरलेल्या लहानग्याला मात्र कोणी मुद्दाम जिंकू देऊ नये, आणि तो जिंकला तर त्याचे पात्र काढून घेऊ नये.

स्पर्धा चालू असताना कोणाच्याच कल्पनेत नसलेला डाव निघालाच, तर निकाल कायम ठेवावा आणि वहीत तारीख, खेळ, पात्र आणि काय घडले एवढे लिहावे. नियम पुढच्या वर्षी बदलावा, त्या रात्री नाही. गर्दीच्या आवाजावर तर मुळीच नाही. आमच्या वहीत एडी, किंग आणि खालच्या लाथा या तिन्हींची नोंद आहे आणि तिन्हींपुढे आता ‘बंदी नाही’ असे लिहिले आहे. आणखी एक गोष्ट: नियमांचा कागद मराठीत असला तरी भांडणे कोंकणीत होतात, म्हणून पहिल्या सामन्याआधी तो कागद एकदा मोठ्याने कोंकणीत समजावून सांगावा आणि पॉजचे वाक्य दोनदा सांगावे.